रोज एक अ‍ॅव्होकाडो खाण्याआधी ताटातून काय काढायचं ते ठरवा

मूळ प्रश्नाआधी एक गोष्ट सांगते, कारण ती थांबण्यासारखी नाही. तुम्ही जाता जाता लिहिलंय की खराब निघालेला गर आणि साली पोपटाच्या पिंजऱ्यात टाकता. हे आजपासून बंद करा. अ‍ॅव्होकाडोच्या पानांत, सालीत, बीमध्ये आणि गरातही पर्सिन नावाचं द्रव्य असतं. माणसाला पिकलेल्या गरातून त्याचा त्रास होत नाही, पण पक्ष्यांच्या हृदयाला ते घातक ठरतं. पोपट सुस्त दिसला, पिसं फुलवून एका जागी बसून राहिला किंवा त्याला धाप लागली, तर वाट न पाहता पशुवैद्याकडे न्या.

आता तुमचा प्रश्न. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात मांडते. रक्ततपासणीत तुमचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १४८ आलं. डॉक्टरांनी लगेच गोळी न देता तीन महिने आहार सुधारायला सांगितलं. एक मैत्रीण म्हणते रोज एक अ‍ॅव्होकाडो खा, भाऊ म्हणतो एका फळात तीनशे कॅलरी आहेत, नुसतं तेलच ते, वजन वाढेल. तुम्ही तीनदा फळ आणलंत: एक रबरासारखं चिवट निघालं, एक आतून काळं, आणि एक चांगलं निघालं ते भाजीसारखं शिजवल्यावर कडू झालं. शिवाय वडील रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी घेतात, त्यांना चालेल का, हेही तुम्हाला हवं आहे.

मी पंचवीस वर्षं आहारसल्ल्याचं काम करते. हा प्रश्न माझ्याकडे बहुतेक वेळा "खाऊ की नको" असाच येतो. मला वाटतं प्रश्न वेगळा आहे: अ‍ॅव्होकाडो कशाच्या जागी खाणार? त्याचं उत्तर मिळालं की मैत्रीण आणि भाऊ दोघंही बरोबर का आहेत ते कळेल.

आधी आकडे बघू. हास जातीच्या, म्हणजे खरखरीत सालीच्या आणि पिकल्यावर काळपट होणाऱ्या फळाच्या १०० ग्रॅम गरात साधारण १६५ कॅलरी आणि १५ ग्रॅम स्निग्धांश असतो. त्यातला जवळपास दोन तृतीयांश भाग ओलेइक आम्लाचा, म्हणजे ऑलिव्ह तेलात असतो त्याच प्रकारचा. संपृक्त चरबी, म्हणजे लोणी-सायीत भरपूर असते ती, २ ग्रॅमच्या आसपास. मध्यम फळातून साल आणि बी काढल्यावर १३५ ग्रॅम गर निघतो, म्हणजे सुमारे २२५ कॅलरी. मोठ्या फळातून २०० ग्रॅम गर निघाला तर तीनशेच्या वर कॅलरी होतात, तेव्हा भावाचा आकडा खोटा नाही. मात्र गुळगुळीत हिरव्या सालीच्या, आकाराने मोठ्या जाती असतात त्यांच्या गरात पाणी जास्त असतं. त्यांच्या १०० ग्रॅममध्ये १२० कॅलरी आणि १० ग्रॅम स्निग्धांश असतो. म्हणून "एक अ‍ॅव्होकाडो" हे माप मला कधीच पुरत नाही. कोणता आणि केवढा, ते आधी विचारावं लागतं.

स्निग्धांशापलीकडेही फळात बरंच आहे. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते तंतूंचं प्रमाण: १०० ग्रॅममध्ये जवळजवळ ७ ग्रॅम. फळ असूनही साखर १ ग्रॅमपेक्षा कमी. पोटॅशियम सुमारे ४८५ मिलिग्रॅम, म्हणजे तेवढ्याच वजनाच्या केळ्यापेक्षा जास्त. फोलेट ८० मायक्रोग्रॅमच्या घरात, शिवाय ई आणि के जीवनसत्त्वं, आणि डोळ्यांच्या पडद्यासाठी उपयोगी असलेलं ल्युटीन थोडं. प्रथिनं मात्र २ ग्रॅमच, त्यामुळे अ‍ॅव्होकाडो खाल्ला म्हणून अंडं किंवा कडधान्य वगळायचं कारण नाही.

आता कोलेस्टेरॉल. या फळावरचे तीन अभ्यास एकमेकांशेजारी ठेवले की माझा मुद्दा स्पष्ट होतो.

पहिला २०१५ सालचा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातला. वजन जास्त असलेल्या ४५ जणांना पाच-पाच आठवडे ठरवून दिलेलं जेवण दिलं. रोज एक हास अ‍ॅव्होकाडो असलेल्या आहारात एलडीएल सरासरी १३.५ मिलिग्रॅमने उतरलं. तेवढीच स्निग्धता इतर तेलांतून दिली तेव्हा ते ८.३ ने उतरलं, आणि कमी चरबीच्या आहारात ७.४ ने. दुसरा अभ्यास २०२२ चा, खूप मोठा. कंबरेचा घेर जास्त असलेले एक हजारावर लोक, त्यातल्या निम्म्यांना सहा महिने रोज एक अ‍ॅव्होकाडो खायला सांगितला, बाकी आहार त्यांच्या मर्जीचा. पोटाच्या आतली चरबी कमी झाली नाही. वजन वाढलंही नाही. एलडीएल उतरलं, पण जेमतेम २-३ मिलिग्रॅम.

फळ तेच, रोज एकच, आणि फरक एवढा कसा? पहिल्या अभ्यासात अ‍ॅव्होकाडो आत येताना ताटातली संपृक्त चरबी मोजून बाहेर काढली होती. दुसऱ्यात तो नेहमीच्या जेवणात नुसता वाढला. दोन्ही अभ्यासांना अ‍ॅव्होकाडो उत्पादकांच्या मंडळाचा पैसा होता, हे लक्षात ठेवूनच मी ते वाचते. तरी दुसऱ्याचा निकाल त्या मंडळाला फारसा सोयीचा नव्हता आणि तो तसाच छापला गेला, म्हणून माझा त्यावर विश्वास बसतो.

तिसरा अभ्यासही २०२२ चाच. एक लाखाहून जास्त स्त्री-पुरुषांचा आहार तीस वर्षं नोंदवला होता. आठवड्याला निदान दोनदा, दर वेळी अर्धं फळ खाणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघात यांचं मिळून प्रमाण १६ टक्के कमी दिसलं. असं खाणारे लोक इतरही बऱ्याच गोष्टी नीट करतात, त्यामुळे सगळं श्रेय फळाला देता येत नाही. पण त्यातला एक तपशील महत्त्वाचा आहे. लोणी, चीज किंवा प्रक्रिया केलेलं मांस यांच्या जागी अ‍ॅव्होकाडो धरून हिशेब केला तेव्हा फायदा दिसला. ऑलिव्ह तेल किंवा बदाम-अक्रोडासारख्या सुक्या मेव्याच्या जागी धरला तेव्हा दिसला नाही. म्हणजे तुमच्या जेवणात आधीच चांगली तेलं आणि सुका मेवा असेल, तर अ‍ॅव्होकाडोमुळे हृदयाला वेगळं काही मिळणार नाही. तेव्हा तो चवीसाठी खा, औषध म्हणून त्याच्या मागे लागू नका.

हे असं का होतं? रक्तातलं एलडीएल उचलून घेण्याचं काम यकृताच्या पेशींवरची ग्राहक-प्रथिनं करतात. संपृक्त चरबी जास्त झाली की ती प्रथिनं कमी होतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. त्या चरबीच्या जागी असंपृक्त स्निग्धांश आला की ती पुन्हा वाढतात. तंतू आणि वनस्पतींमधली स्टेरॉल द्रव्यं आतड्यात कोलेस्टेरॉल शोषू देत नाहीत, त्याचाही हातभार लागतो.

हिशेब हातावर मांडून दाखवते. ब्रेडच्या दोन कापांवर लावलेलं १५ ग्रॅम लोणी म्हणजे सुमारे ११० कॅलरी आणि ७ ते ८ ग्रॅम संपृक्त चरबी. त्याच कापांवर अर्धा मध्यम अ‍ॅव्होकाडो कुस्करून लावला तर कॅलरी तेवढ्याच, संपृक्त चरबी दीड ग्रॅमच्याही आत, वर जवळपास साडेचार ग्रॅम तंतू. हेच अर्धं फळ लोण्याच्या वर लावलं, तर ११० कॅलरी वाढल्या आणि संपृक्त चरबी होती तिथेच राहिली.

माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांचं नेमकं असंच झालं होतं. त्यांनी दोन महिने न चुकता रोज एक फळ खाल्लं, एलडीएल हललं नाही आणि वजन दोन किलोने वाढलं. ते फार खट्टू झाले होते. आम्ही त्यांची आहाराची वही उघडली. सकाळच्या ओळीत लोणी-टोस्ट, चीजची चकती, दुधाची कॉफी, आणि शेवटी नव्या शाईत "अ‍ॅव्होकाडो १". आधीच्या तिन्ही गोष्टी जागच्या जागी होत्या. आम्ही लोणी आणि चीज काढलं, फळ अर्ध्यावर आणलं, बाकी काही बदललं नाही. पुढच्या तपासणीला आकडा उतरला. प्रत्येकाचा किती उतरेल ते सांगता येत नाही, कारण आनुवंशिकता, थायरॉइड, वजन अशा पुष्कळ गोष्टी त्यात असतात. तुमच्या वहीत मुळात लोणी, साय, चीज फारसं नसेल तर काढायलाच काही उरत नाही, आणि मग वेगळ्या दिशेने विचार करावा लागेल.

अ‍ॅव्होकाडोचा एक उपयोग कोलेस्टेरॉलइतका गाजत नाही, पण मला तो फार आवडतो. गाजर, टोमॅटो आणि हिरव्या पानांमधली रंगद्रव्यं स्निग्धांशाशिवाय नीट शोषली जात नाहीत. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बिनतेलाच्या सॅलडमध्ये १५० ग्रॅम अ‍ॅव्होकाडो घातल्यावर बीटा-कॅरोटीनचं शोषण १५ पट आणि ल्युटीनचं ५ पट वाढलं. निम्म्या गराने, किंवा नुसत्या अ‍ॅव्होकाडो तेलानेही तसाच फायदा झाला. तेव्हा हा गुण स्निग्धांशाचा आहे. पण बिनतेलाचं सॅलड चघळून "आरोग्यासाठी खातोय" म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

आता तुमची तीन फळं. सल्ला कितीही चांगला असला तरी फळ रबरासारखं निघालं तर कोण खाणार?

अ‍ॅव्होकाडो झाडावर पिकत नाही. झाडावर तो फक्त तयार होतो, त्यात तेल भरतं, आणि तोडल्यावरच पिकायला लागतो. तेल भरण्याआधी, कोवळा असताना तोडला तर तो कधीच धड पिकत नाही. साल सुरकुतते, गर चिवट आणि पाणचट राहतो. तुमचं रबरासारखं फळ बहुधा असंच असावं, आणि त्यात तुमची चूक नव्हती. काळं निघालेलं फळ एकतर जास्त पिकलं होतं किंवा कच्चं असताना थंडीत राहिलं होतं. कच्चं फळ फ्रिजमध्ये ठेवलं की आतला गर करडा पडतो, रेषा काळ्या होतात आणि नंतर बाहेर काढूनही ते नीट पिकत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: कडक फळ बाहेर, पिकलेलं फळ फ्रिजमध्ये. बाहेर त्याला चार ते सात दिवस लागतात. घाई असेल तर कागदी पिशवीत पिकलेल्या केळ्याबरोबर किंवा सफरचंदाबरोबर ठेवा. त्यांच्यातून निघणारा इथिलीन वायू पिकण्याची क्रिया जलद करतो. मायक्रोवेव्हमध्ये फळ मऊ होतं, पिकत नाही. तो खटाटोप करू नका.

पिकलेलं ओळखायचं कसं? फळ तळहातावर ठेवा आणि सगळ्या बोटांनी मिळून हलकेच दाबा. अंगठा रुतवू नका, तिथे डाग पडतो. देठाजवळचा भाग किंचित लवला आणि मधला भाग अजून घट्ट लागला, तर उद्या-परवा कापा. सगळीकडे सारखं लवलं तर आजच. आत पोकळ लागलं आणि साल सुटल्यासारखी वाटली तर वेळ निघून गेली. हास काळपट होतो म्हणून रंगाची मदत होते, पण हिरव्या सालीच्या जाती पिकल्या तरी हिरव्याच राहतात. तिथे डोळ्यांवर जाऊ नका, बोटांवर जा.

हास हे नाव कॅलिफोर्नियातल्या रुडॉल्फ हास नावाच्या पोस्टमनचं. १९२० च्या दशकात त्याने लावलेल्या एका बीपासून हे झाड आलं. त्यावर कलम टिकेना म्हणून तो ते काढून टाकणार होता, पण झाड राहिलं, आणि १९३५ मध्ये त्याने त्याचं पेटंट घेतलं. आज जगभर विकला जाणारा बहुतेक अ‍ॅव्होकाडो त्या एका झाडाच्या कलमांचा आहे.

कापण्याआधी फळ वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. साल टाकायचीच आहे म्हणून बरेच जण धूत नाहीत, पण सुरी सालीवरचे जंतू घेऊन गरात शिरते. मग उभा छेद देऊन फळ बीभोवती फिरवा, पुन्हा एक छेद देऊन चार फाका करा. बी बोटांनी आपोआप सुटते. हातात अर्धं फळ धरून बीमध्ये सुरी मारायची पद्धत दिसायला झटपट आहे, पण त्यात तळहाताला खोल जखमा झालेल्या लोकांना मी पाहिलंय. साल चमच्याने खरवडू नका, फाकेच्या टोकापासून केळ्यासारखी सोला. सालीलगतचा गडद हिरवा थर रंगद्रव्यांनी सगळ्यात समृद्ध असतो आणि चमच्याने काढताना तोच सालीला चिकटून जातो.

उरलेलं अर्धं फळ काळं पडतं ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे. गरातलं एक विकर त्याच्याशी संयोग घडवून आणतं. लिंबाच्या आम्लाने त्या विकराचं काम मंदावतं, आणि पातळ वेष्टन गराला अगदी चिकटवून लावलं की हवाच लागत नाही. दोन्ही करा. बी आत ठेवल्याने फक्त बीखालचा भाग हिरवा राहतो. अख्खं फळ पाण्यात बुडवून ठेवायची युक्ती २०२२ मध्ये फार फिरली होती. ती वापरू नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याच वर्षी त्याविरुद्ध सांगितलं आहे, कारण सालीवरचे जंतू पाण्यात वाढून गरात उतरू शकतात.

तुमचा कडूपणा शिजवल्यामुळेच आला. अ‍ॅव्होकाडो जास्त वेळ उष्णतेत राहिला की त्यात कडू संयुगं तयार होतात. गरम पदार्थात घालायचा असेल तर आच बंद केल्यावर घाला: सूप वाटीत वाढल्यावर वरून फोडी, अंडी किंवा शिजवलेले बीन्स ताटात घेतल्यावर बाजूला फाका.

न शिजवता खायची सगळ्यात जुनी आणि मला सगळ्यात प्रिय पद्धत म्हणजे ग्वाकामोले. शब्द मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतला आहे, अर्थ अ‍ॅव्होकाडोचं वाटण. आधी खलात बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि मीठ एकत्र ठेचा, इतकं की कांद्याला पाणी सुटेल आणि खलाच्या तळाशी हिरवट ओल दिसेल. मग गर घाला आणि काट्याने दाबा. घोटू नका. काही भाग लोण्यासारखा मऊ आणि काही गुठळ्या नखाएवढ्या राहिल्या पाहिजेत, चव त्या दोन्हींच्या मिश्रणात आहे. शेवटी लिंबू पिळा आणि थांबून चाखा. बहुतेकांचं मीठ इथे कमी पडतं, कारण स्निग्ध गर खारटपणा झाकतो. पहिल्यांदा अळणी लागलं म्हणून अ‍ॅव्होकाडो नावडता ठरवलेले कितीतरी लोक मीठ आणि लिंबू नीट पडल्यावर पुन्हा वाटी पुढे करतात.

गोडातही तो छान जातो, कारण त्याची स्वतःची चव सौम्य असते. दुधाबरोबर घुसळून, किंवा कोको आणि पिकलं केळं घालून गार केलेलं दाट पुडिंग. केकमध्ये निम्मं लोणी काढून त्या जागी तेवढाच गर घालता येतो. सगळं काढलं तर केक दडस होतो. अंड्याच्या मेयोनीजऐवजी गर, लिंबू आणि थोडं दही फेटून सँडविचला लावा, तुमच्या उद्देशाला ते फार उपयोगी पडेल. अ‍ॅव्होकाडोचं तेल घ्यायलाच हवं असं नाही. त्यात तंतू नसतात आणि पोटॅशियमही नसतं, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०२० मध्ये तपासलेल्या नमुन्यांपैकी ८२ टक्के एकतर खवट झालेले किंवा दुसऱ्या तेलांची भेसळ असलेले निघाले.

वडिलांबद्दल. वॉरफरिन के जीवनसत्त्वाच्या विरुद्ध काम करतं. अ‍ॅव्होकाडोच्या १०० ग्रॅममध्ये ते २१ मायक्रोग्रॅम असतं, पालकाच्या तुलनेत फारच थोडं. तरीही रोज बराच अ‍ॅव्होकाडो खाणाऱ्या रुग्णांमध्ये गोळीचा परिणाम घटल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. म्हणून बंदी नाही, पण एकदम सुरुवातही नाही. त्यांच्या डॉक्टरांना आधी सांगा, थोडं आणि ठरावीक प्रमाण धरा, आणि आयएनआर तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी) कधी करायची ते त्यांनाच ठरवू द्या. वडिलांची मूत्रपिंडं कमजोर असतील तर पोटॅशियममुळे उत्तर बदलेल, तेव्हा क्रिएटिनिनचा अहवालही बरोबर न्या.

तुम्हाला स्वतःला रबरी हातमोजे किंवा फुगे हाताळून खाज किंवा पुरळ येत असेल तर जपून. लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असणाऱ्या काहींना अ‍ॅव्होकाडो, केळं, किवी यांचीही येते. आणि पोट लवकर फुगत असेल तर पाव फळापासून सुरू करा. त्यात पर्सीटॉल नावाची साखरेसारखी एक अल्कोहोल-शर्करा असते, ती नाजूक आतड्यांना झेपत नाही.

तुमच्या तीन महिन्यांसाठी मी असं सुचवते. आठवड्यातून चार-पाच दिवस, दर वेळी अर्धं मध्यम फळ. वहीत दोन रकाने आखा: एकात अ‍ॅव्होकाडो कधी आणि किती खाल्ला, दुसऱ्यात त्या दिवशी त्याच्या जागी काय काढलं. लोणी, चीज, मेयोनीज, साय, तळलेलं, जे असेल ते नेमकं लिहा. ज्या दिवशी दुसरा रकाना रिकामा राहणार असं दिसेल, त्या दिवशी फळ वेष्टनात गुंडाळून फ्रिजमध्येच राहू द्या. तपासणी झाली की ती वही आणि नवा आकडा दोन्ही डॉक्टरांपुढे ठेवा. गोळी लागेल की नाही, हे ठरवताना त्यांना त्या दुसऱ्या रकान्याचा फार उपयोग होईल.